कुलकथेचा पहिला ग्रंथ आणि वाचकाचे मत

ग्रंथ वाचणे हे एक काम आणि त्याविषयी मत देणे हे दुसरे. पहिल्यास दिवस लागतात. दुसऱ्यास हल्ली क्षणही लागत नाही. 'हे पुस्तक तुम्हांस कसे वाटले?' असा प्रश्न विद्यार्थ्यांस घातला, तर 'छान' किंवा 'कंटाळवाणे' या एका शब्दात बहुधा उत्तर संपते. म्हणून मत कसे बनते व त्याची योग्यता कितपत असते, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणावरून करण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरण मुद्दाम कठीण घेतले आहे. ते म्हणजे अनेक भागांत सांगावयाच्या कुलकथेचा पहिला ग्रंथ.

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी २०१० साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केली. चार कादंबऱ्यांच्या मालिकेतील ही पहिली, असे त्या वेळी जाहीर झाले होते. 'कोसला' (१९६३) आणि त्यानंतर 'बिढार' (१९७५) पासून 'झूल' (१९७९) पर्यंतची चांगदेव पाटलाची कथा ज्यांनी वाचली होती, ते वाचक या ग्रंथाची कित्येक वर्षे वाट पाहत होते. कथेचा सांगाडा थोडक्यात असा : खंडेराव हा खानदेशातील मोरगाव येथील शेतकरी कुटुंबाचा मुलगा. तो पुराणवस्तुसंशोधक होऊन मोहेंजोदडो येथील उत्खननावर गेला आहे. तेथे वडील विठ्ठलराव अत्यवस्थ असल्याचे त्यास कळते व तो गावी परत निघतो. त्या वाटेवर घर, गाव, शेती, जातीपाती, पूर्वज आणि घरातील स्त्रिया यांच्या आठवणींचे थरावर थर उलगडत जातात. ग्रंथ सुमारे सहाशे पानांचा आहे. तो प्रौढ वाचकांसाठी लिहिलेला असल्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात गेल्यावर तो हाती घ्यावा. परंतु त्यावरील मतमतांतरापासून आजही पुष्कळ शिकता येईल.

ही मते कोणती? कित्येकांस हा कृषिसंस्कृतीचा अपूर्व कोश वाटला. कित्येकांस त्यात कथानकच सापडेना. पाने उलटली तरी गोष्ट पुढे सरकत नाही, नावे व नाती ध्यानात राहत नाहीत, अशी त्यांची तक्रार. काहींस बोलीतील रांगडे शब्द रुचले नाहीत. काहीजण तर नावावरूनच रागावले. आपल्या वारशास 'अडगळ' म्हणणे हा त्यांस अपमान वाटला. पुढे नेमाडे यांना २०१४ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले, तरी मतभेद मिटले नाहीत. आणि ते योग्यच होय, कारण पारितोषिकाने वाचकाचे वाचन होत नाही.

आता एकेक मत तपासून पाहू. नावावरून रागावलेल्यांनी नाव अर्धेच वाचले, असे आम्हांस वाटते. 'अडगळ' या शब्दाआधी 'समृद्ध' हा शब्द आहे, आणि ग्रंथाचा नायक उत्खनन करणारा आहे. उत्खननात फुटके खापरही फेकून देत नाहीत. ते कोणत्या थरात सापडले हे लिहून ठेवितात, कारण त्याच खापरावरून त्या थराचा काळ ठरविण्यास मदत होते. इतरांस जो कचरा, तो संशोधकास पुरावा. मोहेंजोदडोचे उत्खनन १९२२ साली सुरू होण्यापूर्वी तेही मातीचे ढिगारेच होते. हे ध्यानात घेतले म्हणजे 'गोष्ट सरळ पुढे का जात नाही' या तक्रारीचेही थोडे उत्तर मिळते. खणणाऱ्यास वरचा थर आधी लागतो व जुना नंतर. तथापि, हे समजूनही एखाद्या वाचकास ग्रंथ लांबलेला वाटला, तर ते त्याचे प्रामाणिक मत होय व त्यास मान दिला पाहिजे.

नावांच्या गर्दीविषयी आमच्या मुलांस एक जवळचा दाखला देता येईल. मत्तयकृत शुभवर्तमानाचा आरंभ लांबलचक वंशावळीने होतो, आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. परंतु जो सावकाश वाचतो, त्यास तेथे तामार, राहाब आणि परक्या मवाब देशातून आलेली रूथ या स्त्रियांची नावे आढळतात, व या कुळात बाहेरचेही कोणी सामावले होते हे त्यास कळते. कुलकथेतील नावे ओलांडणारा वाचक पुष्कळदा कथेचे मर्मच ओलांडून जातो.

एक मत मात्र निराळ्या जातीचे आहे. बंजारा समाजातील काही वाचकांनी आपल्या स्त्रियांविषयीच्या मजकुरावर आक्षेप घेतला. पात्राचे बोलणे म्हणजे लेखकाचे मत नव्हे, हे साहित्याच्या अभ्यासकाने जाणलेच पाहिजे. पण ज्याच्या आईबहिणीविषयी ते वाक्य आहे, त्यास तेवढे सांगून गप्प बसविणे हेही न्याय्य नव्हे. त्याचे म्हणणे प्रथम पूर्ण ऐकावे, मग तो उतारा मागील पुढील पानांसह वाचावा, आणि नंतर बोलावे. ऐकण्यापूर्वी उत्तर देणे हे शलमोनाच्या नीतिसूत्रांतही मूर्खपणाचे लक्षण मानिले आहे.

पहिल्या भागावरील मत किती टिकते, याचे उत्तर इंग्लंडातील एका कुलकथेत मिळते. जॉन गॉल्सवर्दी यांची 'द मॅन ऑफ प्रॉपर्टी' ही कादंबरी १९०६ साली निघाली. तिच्यातील सोम्स फॉर्साइट हा पत्नीसही मालमत्ता समजणारा गृहस्थ. वाचकास त्याचा तिटकारा यावा हे स्वाभाविकच. पुढील कादंबरी १९२० साली आली आणि १९२२ मध्ये सर्व कथा 'फॉर्साइट सागा' या नावाने एकत्र झाली. त्या पुढील भागांत तोच सोम्स एकाकी, मुलीवर जीव टाकणारा, कीव येण्याजोगा दिसू लागतो. १९०६ च्या वाचकाचे मत खोटे नव्हते. ते अपुरे होते, इतकेच.

यावरून आमचे सांगणे असे की, पहिल्या भागाच्या वाचकाने न्यायाधीश न होता साक्षीदार व्हावे. साक्षीदाराने आपण काय पाहिले ते सांगावे, जे पाहिले नाही ते सांगू नये, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले आपले म्हणून मांडू नये. निकालाची घाई त्यास नसते. तरी त्याच्या वचनावाचून निकाल होत नाही.

हा प्रश्न केवळ पुस्तकाचा नाही, आणि आपल्या नवी मुंबईत तर मुळीच नाही. १९७० पासून येथील पंचाण्णव गावांच्या भातशेतीवर व मिठागरांवर हे शहर वसविण्यात आले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूस झालेल्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. आपल्या वर्गात त्या गावांतील आगरी-कोळी घरांची मुले आहेत, तशी खानदेश, सातारा, कोकण येथून आलेल्यांचीही आहेत. कोणाच्या घरी पोटमाळ्यावर ट्रंकेत जुना सातबारा आहे, कोणाकडे पणजीची पितळी परात, कोणाकडे आजोबांचे पानोपानी खुणा केलेले पवित्र शास्त्र. घर बदलताना यांसच आपण अडगळ म्हणतो व भंगारवाल्याच्या हाती देतो. प्रत्येक घराच्या कुलकथेचा पहिला ग्रंथ तेथेच पडून असतो, आणि पुढला भाग ज्यांनी लिहावयाचा, ती मुले तो न वाचताच मत देऊन मोकळी होतात.

म्हणून या सुटीसाठी आम्ही तीन कामे नेमून देतो.

१. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून एका जुन्या वस्तूची हकीकत ऐकावी व ती त्यांच्याच बोलीत लिहून काढावी.

२. वाचलेल्या एका पुस्तकाविषयी एक पानभर लिहावे. अर्ध्या पानापर्यंत 'चांगले' अथवा 'वाईट' हे शब्द येऊ देऊ नयेत, ग्रंथात काय आहे तेवढेच सांगावे.

३. त्याच पुस्तकाविषयी आपल्याहून भिन्न मत असलेल्या मित्राचे म्हणणे, तो 'होय, मी असेच म्हणालो' असे कबूल करील अशा रीतीने, पाच ओळींत मांडावे.

ही तिन्ही कामे ज्यास साधली, त्याचे मत चुकले तरी ते ऐकण्याजोगे असेल.