ट्रेलर घेण्याआधी ‘उलाळ’ हा शब्द शिका

‘दोन टन आरामात. डोळे झाकून न्या, साहेब.’

हे वाक्य मी तीन वेळा ऐकलं. ऑर्डर देताना, अ‍ॅडव्हान्स देताना आणि ट्रेलर ताब्यात घेताना. तीन वेळा ऐकलं, कारण तीन वेळा मी विचारलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. झाल्या प्रकारानंतर जो भेटला त्यानं मलाच सुनावलं, की नीट विचारून घ्यायला हवं होतं. विचारलं होतं. उत्तर देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि ‘माहीत नाही’ म्हणण्याची त्याची तयारी नव्हती.

जीप १९६४ ची, सीजे-३बी, उंच बॉनेटची. कराडजवळच्या एका गावात गोठ्याला लागून ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन फिरत होतं, पण ब्रेक पार गेलेले, त्यामुळे चालवत पुण्याला आणण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे ट्रेलर पुढेही लागणारच होता. म्हणून भाड्याच्या भानगडीत न पडता मी तो बनवून घेतला. पिंपरी-चिंचवडकडच्या एका फॅब्रिकेटरकडून, १ लाख १५ हजार रुपये मोजून. ओढायला माझीच डिझेल एसयूव्ही.

सकाळी जीप चढवली. बरोबर जुना गिअरबॉक्स, एक डिफरन्शियल आणि सुट्या भागांच्या दोन पेट्या होत्या. ते सगळं जीपच्या मागच्या हौद्यात टाकलं. पुढच्या चाकांना अडवायला ट्रेलरवर लोखंडी अँगल वेल्ड केलेला होता, तिथे चाकं टेकवली आणि पट्टे आवळले. साताऱ्यापर्यंत काही जाणवलं नाही.

पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एस आकाराचं वळण लागतं. माझा वेग साठ-पासष्ट. आधी वाटलं, वारा आहे. मग डाव्या आरशात जीपची काच दिसली. नंतर उजव्या आरशात. पुन्हा डाव्या, आणि या वेळी जीपचं अर्धं तोंड दिसलं. कुणी तरी मागून गाडीची कंबर धरून हलवावी तसं होत होतं आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. मी ब्रेक दाबला. दाबायला नको होता, हे आज कळतं. मागचे अठराशे किलो थांबायला तयार नव्हते, कारण ट्रेलरला स्वतःचे ब्रेकच नव्हते. ट्रेलर डावीकडे फेकला गेला, कठड्याला घासत गेला आणि आम्ही थांबलो. जीपचं डावं मडगार्ड कागदासारखं चुरगळलं होतं. साठ वर्षं टिकलेलं मडगार्ड. मागचा ट्रकवाला अंतर राखून होता म्हणून मी आज हे लिहू शकतोय.

वीसच्या वेगानं खंडाळ्याच्या अलीकडच्या ढाब्यापर्यंत आलो. तिथे बाजेवर एक आजोबा बसले होते. त्यांनी ट्रेलरला एक फेरी मारली. मी कपलर सोडवून जॅक लावायला निघालो होतो. त्यांनी जॅककडे पाहिलंही नाही. ट्रेलरची दांडी एका हातानं धरली आणि वर उचलली. जीप, गिअरबॉक्स, पेट्या, सगळं वर असताना, सत्तरीच्या माणसानं, एका हातानं.

‘पाव्हणं, गाडी उलाळ हाय की ही. जुवावर वजनच न्हाई. बैलं कशी चालायची?’

मला घाम फुटला तो तेव्हा, वळणावर नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलायला लागतं आणि गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही. माल भरताना थोडं वजन जुवावर ठेवायचं, हे ऊस वाहणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या ट्रेलरची दांडी म्हणजे जू आणि माझी गाडी म्हणजे बैल. ज्याचा धंदाच ट्रेलर बनवण्याचा, त्याला एवढं ठाऊक नव्हतं.

मी तिथूनच त्याला फोन लावला. पहिलं वाक्य: ‘साहेब, तुम्ही चालवलंत कसं ते आधी बघा.’ दुसरं: ‘आमच्या ट्रॉल्या पाण्याच्या टँकरला चालतात, आजवर एकाची तक्रार नाही.’ अरे, तो टँकर ट्रॅक्टरमागे गावात वीसच्या वेगानं फिरतो! अ‍ॅक्सल कुठे लावलास, असं विचारलं तर म्हणाला, ‘मधोमध. वजन दोन्हीकडे सारखं नको का?’ हे तो अभिमानानं सांगत होता. पट्ट्यांची हुकं, कपलर, काहीही तपासायला या म्हटलं तर ‘बघतो’. नंतर फोन उचलणं बंद. बिलावर काय लिहिलंय? ‘फॅब्रिकेशन काम, एक नग.’ दोन टन हा शब्द नाही, चॅसिस क्रमांक नाही. तोंडी दोन टन आणि कागदावर एक नग. दुखतं ते इथे. चूक कुणाचीही होते, पण ‘बनवताना चुकलं’ एवढं म्हणायला त्याला पैसे पडणार नव्हते.

जीप पुढे भाड्याच्या फ्लॅटबेडवरून आली. रिकामा ट्रेलर नंतर आणवला, तसाच माल भरला आणि एका वजनकाट्यावर नेला. ही पद्धत लिहून ठेवा, मला ती कुणी सांगितली नव्हती. आधी ट्रेलर सोडून, जॅकसकट अख्खा काट्यावर घ्यायचा. माझा भरला १,८४० किलो: जीप १,०५०, ट्रेलर ६१०, सुटे भाग १८०. मग ट्रेलर गाडीला जोडून फक्त त्याची चाकं काट्यावर घ्यायची. आकडा आला १,८१०. मधले ३० किलो म्हणजे दांडीवरचं वजन. इतक्या वजनाच्या ट्रेलरला ते एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के लागतं, म्हणजे माझ्या बाबतीत निदान १८४. दहाच्या खाली गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. पंधराच्या फार वर गेलं की ओढणाऱ्या गाडीचं तोंड वर उचलतं आणि पुढच्या चाकांची पकड जाते.

मग सुटे भाग जीपमधून काढले, तो अँगल कापला आणि जीप एक फूट पुढे घेतली. एकूण वजन १,६६०, दांडीवर सुमारे १९०. एका फुटाचा प्रश्न होता! तेवढ्यासाठी माझं मडगार्ड गेलं.

आता तुम्ही ट्रेलर घेणार असाल तर.

अ‍ॅक्सल मधोमध असलेला ट्रेलर घेऊ नका. तो मध्याच्या थोडा मागे हवा. परवडत असेल तर दोन अ‍ॅक्सलचा घ्या, तो सरळ चालतो आणि एक टायर फुटला तरी सावरायला वेळ मिळतो. चाकं अडवणारा अँगल वेल्ड करून घेऊ नका, नट-बोल्टचा, मागेपुढे सरकणारा घ्या. तुमची आजची जीप आणि उद्याची जीप एकाच जागी तोलात बसणार नाहीत.

जुन्या जीपवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा: विलिसच्या घराण्यातल्या या जीपांच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर जेमतेम चार फूट असतं. आजच्या गाड्या त्याहून बऱ्याच रुंद. मधे मोकळी जागा सोडून दोन चॅनेलचा ट्रेलर आजच्या गाडीच्या मापानं बनवला, तर जीपची चाकं आतल्या कडेवर येतात. पूर्ण पत्र्याचाच घ्या. आणि या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. त्याच्या भरवशावर जीप ट्रेलरवर उभी ठेवू नका. गिअरमध्ये टाका, चाकांना ठोकळे लावा आणि चार कोपऱ्यांना चार पट्टे. पट्टे अ‍ॅक्सलला बांधा, चॅसिसला नाही. चॅसिसला बांधले की पाटे दबतात-उठतात तसे पट्टे सैल होतात. पट्टा यू-बोल्टच्या धारेवर जात असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. पन्नास किलोमीटरनं थांबून पुन्हा आवळा. हूड काढून गुंडाळून ठेवा, नाहीतर वारा फाडतो.

ट्रेलरला ब्रेक हवेतच. गाडी थांबू लागली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या दाबानंच त्याचे ब्रेक लागतात, असा ओव्हररन ब्रेक मिळतो. ‘कशाला खर्च’ म्हणणाऱ्याला एकदा माझ्याबरोबर खंबाटकीला पाठवा.

कपलर आणि त्याचा गोळा एकाच मापाचे आहेत ना, हे स्वतः मोजा. पन्नास मिलिमीटरचा गोळा आणि ४७.६ मिलिमीटरचा गोळा दिसायला सारखेच. मोठ्या मापाचा कपलर लहान गोळ्यावर बसतो, लॉकही होतो आणि खड्ड्यात सुटतो. खाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून लावा, म्हणजे दांडी सुटली तरी रस्त्यात रुतणार नाही.

ओढणाऱ्या गाडीबद्दल माझंही चुकलं, ते मान्य करतो. माझी एसयूव्ही सोळाशे किलोची, मागे अठराशे. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्यापेक्षा जड हवी, लांब हवी आणि शक्यतो लॅडर फ्रेमची. माझ्या गाडीला वेगळी चॅसिस नाही. हिच लावणाऱ्यानं ती बंपरच्या आतल्या पट्टीला आणि डिकीच्या पत्र्याला बोल्ट केली होती. परत आल्यावर पाहिलं तर बोल्टची भोकं लांबट झालेली आणि पत्र्याचा जोड उकललेला. गाडीच्या पुस्तकात ओढण्याची क्षमता दिलेली नसेल, तर कंपनीकडून लेखी विचारा. इंजिनात ताकद आहे म्हणजे गाडी ओढते, हा गैरसमज आहे. ओढणं सोपं असतं. थांबवणं आणि सरळ ठेवणं अवघड.

उतारावर वरच्या गिअरमध्ये येऊ नका. ट्रेलर हलू लागला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरा, उलटसुलट फिरवू नका आणि पाय ब्रेकवर आपटू नका. घाई करू नका. रात्री निघू नका.

आणि कागद. कायद्यानं ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी लागते. माझ्या विम्याच्या सर्व्हेअरनं पहिला प्रश्न तोच विचारला आणि दावा तिथेच संपला. ट्रेलर नोंदणीसकट देतो का, हे बनवणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा. नाही म्हणाला तर चहाही न घेता उठा. क्षमता, अ‍ॅक्सलचा दर्जा, टायर नवे की वापरलेले, सगळं बिलावर लिहून घ्या. जो लिहून देत नाही, तो बोलतोय ते त्यालाच खरं वाटत नाही.

वर्षातून एक-दोनदाच जीप हलवायची असेल तर ट्रेलर घेऊच नका, फ्लॅटबेड भाड्यानं घ्या. पाच-सहा फेऱ्या होणार असतील तरच या वाटेला जा.

मडगार्ड ठोकून सरळ केलंय. रंगाखाली अजून लाट दिसते, ती तशीच ठेवली आहे. हल्ली कुणी ट्रेलर घेतोय असं कळलं की मी त्याला वजनकाटा वगैरे नंतर सांगतो. आधी म्हणतो, माल भर, जॅक बाजूला ठेव आणि दांडी हातानं उचलून बघ. उचलली गेली, तर निघू नकोस.