कायम प्रत आणि चालती प्रत

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवीच्या वर्गांत आम्ही मुलांना आपापल्या घरच्या व्यवसायाविषयीं चार वाक्यें बोलावयास सांगत होतों. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, माझी आई अंधेरीला सीप्झमध्यें कामाला जाते. काल रात्रीं उशिरापर्यंत ती बेसलाइनवरून स्ट्रीम अपडेट करीत होती." वर्ग हंसला, मुलगा ओशाळून खालीं बसला, आणि खरें सांगावयाचें तर त्याला पुढचा प्रश्न विचारण्यापुरतेंहि ज्ञान आम्हांजवळ नव्हतें. आईच्या कष्टांचें नांव घेतलें म्हणून मुलास खालीं मान घालावी लागली, हा दोष मुलाचा नव्हे. तो शिक्षकाचा होय. म्हणून पालकसभेच्या दिवशीं त्या माउलीस भेटून आम्हीं हा विषय समजून घेतला, व जें शिकलों तेंच आज वाचकांपुढें मांडीत आहों. १९७३ सालीं स्थापन झालेल्या सीप्झमध्यें व आपल्या उपनगरांतील इतर संगणक कंपन्यांत ज्यांचे आईबाप काम करितात, त्या मुलांना तरी हा पाठ परका वाटूं नये.

विषयाचें नांव अवघड असलें तरी त्याचें मूळ आमच्याच एका चुकींत सांपडतें. कांहीं वर्षांपूर्वीं वार्षिक परीक्षेसाठीं आम्हीं आठवीच्या अ व ब या दोन तुकड्यांच्या भूमितीच्या प्रश्नपत्रिका एकाच मसुद्यावरून तयार केल्या. प्रश्न तेच, क्रम मात्र निराळा. एका प्रश्नांत ७५, ६५ व ५० अंशांचे कोन देऊन त्रिकोण काढावयास सांगितलें होतें. या कोनांची बेरीज १९० होते. तसा त्रिकोण कोणासहि काढतां यावयाचा नाहीं. छपाईपूर्वीं ही चूक आमच्या ध्यानांत आली. अ तुकडीच्या पत्रिकेंत आम्हीं ५० चे ४० केले, आणि ब तुकडीची पत्रिका दुरुस्त करावयाची राहून गेली. परीक्षेच्या दिवशीं ब तुकडीची एक हुशार मुलगी तो त्रिकोण इतक्या वेळां खोडून पुनः काढीत बसली कीं उत्तरपत्रिकेचा कागद फाटला व पुढचे दोन प्रश्न राहिले. पुढें आम्हीं सर्वांना त्या प्रश्नाचे गुण दिले; पण गेलेला वेळ कोठून देणार? चूक आम्हांस ठाऊक होती, ती एका ठिकाणीं दुरुस्तहि झाली होती, तरी तिचा ताप मुलांना झालाच. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील विवेचन सोपें जाईल.

मोठी वस्तु अनेक भागांची बनते, व प्रत्येक भागाचें काम निराळी मंडळी करीत असते. भागाच्या ज्या प्रतीवर काम चालू असतें, जींत रोज कांहीं घालावें, कांहीं खोडावें, तिला स्ट्रीम म्हणतात. आपण तिला चालती प्रत म्हणूं. काम एका टप्प्यास पोहोंचलें, तपासून झालें, म्हणजे त्या क्षणींची स्थिति नांव व तारीख घालून कायम करितात. ही बेसलाइन, म्हणजे कायम प्रत. तिला पुनः कोणीं हात लावावयाचा नाहीं. सुधारणा सुचली तर ती चालत्या प्रतींत करावी व पुढें दुसरी कायम प्रत काढावी. पहिली जशीच्या तशी राहिली पाहिजे. तसें नसेल तर "मागच्या महिन्यांत आपण काय दिलें होतें?" या प्रश्नास कोणीच खात्रीचें उत्तर देऊं शकणार नाहीं.

आतां संपूर्ण वस्तु घ्या. कोणत्या भागाची कोणती कायम प्रत तींत बसविली आहे, याची एक यादी असते. या यादीस त्या वस्तूचें कॉन्फिगरेशन म्हणतात. यादीचीहि एक चालती प्रत असते. भागाची नवी कायम प्रत निघाली म्हणून यादी आपोआप बदलत नाहीं. ती जुन्याच प्रतीकडे बोट दाखवीत राहते. कोणीतरी जाणून बुजून जुनें नांव काढून तेथें नवें घालावें लागतें. बेसलाइनवरून स्ट्रीम अपडेट करणें तें हेंच.

यादी आपोआप कां बदलूं देत नाहींत? याचें उत्तर आपल्या रोजच्या लोकलगाडींत आहे. अंधेरी व बोरिवलीचे लोक पश्चिम रेल्वेनें जातात, घाटकोपर व मुलुंडचे मध्य रेल्वेनें. दोन्हींकडील गाडी पाहतां एकच; पण तपशील सारखा नाहीं. मुंबईंत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धांवली, व बोरिवलीपर्यंत वीज १९२८ सालीं आली. त्या वेळीं १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वापरीत. पुढें त्याच्या जागीं २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचें काम पश्चिम रेल्वेवर २०१२ सालीं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ सालीं व हार्बर मार्गावर २०१६ सालीं पुरें झालें. मधल्या काळांत एका भागांत जुना प्रवाह तर दुसऱ्या भागांत नवा, अशी स्थिति होती. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या लागत. नवें आलें म्हणून जुनें त्याच दिवशीं टाकून देतां येत नाहीं, तें असें.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजीं बोरिवलीहून चर्चगेटला गेली. ही गाडी नेहमींच्या गाडीहून उंच होती, व मध्य रेल्वेवरील जुन्या ठेंगण्या पुलांखालून तिला नेणें शक्य नव्हतें. त्या मार्गासाठीं पुढें कमी उंचीची गाडी करावी लागली. आतां कल्पना करा कीं दोन्ही गाड्यांच्या ब्रेकांत एक सुधारणा झाली आहे. पश्चिमेची संपूर्ण यादी उचलून मध्येच्या यादीवर ठेवली, तर ब्रेकाबरोबर उंच छप्परहि येईल. छपराच्या भीतीनें यादीस हातच लावला नाहीं, तर ब्रेक जुना राहील. दोन्ही चुका सारख्याच घातक. ब्रेक घ्यावा, छप्पर घेऊं नये. आणि हा निवड करणारा विवेक यंत्रास नसतो, तो माणसास दाखवावा लागतो.

म्हणून या कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम यादीची आजची स्थिति कायम करून ठेवावी, म्हणजे कांहीं बिघडलें तर मागें येतां येतें. मग भागाची जुनी व नवी कायम प्रत शेजारीं ठेवून काय बदललें तें ओळीनें पाहावें. नंतर यादींत नवें नांव घालावें. आपल्या वस्तूसाठीं त्या भागांत आपण स्वतः फेरफार केले असतील तर नुसतें नांव बदलून भागत नाहीं, कारण तसें केल्यास आपले फेरफार पुसले जातात. तेथें नव्या प्रतींतील सुधारणा आपल्या चालत्या प्रतींत मिळवून घ्याव्या लागतात, व एकाच ओळींत दोघांनीं हात घातला असेल तर कोणाचें राखावें हें माणसानें ठरवावें लागतें. मग एकच भाग दोन वाटांनीं, एकीकडे जुना व एकीकडे नवा, असा तर आला नाहीं ना, हें तपासावें. शेवटीं संपूर्ण वस्तूची परीक्षा घेऊन यादीची नवी कायम प्रत काढावी.

एवढी यातायात कशासाठीं, असें कोणी विचारील. १ ऑगस्ट २०१२ रोजीं अमेरिकेंतील नाइट कॅपिटल या शेअरांचा व्यवहार करणाऱ्या कंपनीचें काय झालें तें ऐका. तिनें आपल्या आठ संगणकांवर नवा प्रोग्राम घालावयाचा होता. सातांवर घातला, एकावर राहून गेला. त्या एकावर कित्येक वर्षें निजून असलेला जुना भाग बाजार उघडतांच जागा झाला व भराभर नको ते सौदे करूं लागला. सुमारें ४५ मिनिटांत कंपनीस ४४ कोटी डॉलरांहून अधिक फटका बसला. पुढील सरकारी चौकशींत असें दिसून आलें कीं, आठहि संगणकांवर काम झालें कीं नाहीं हें दुसऱ्या कोणीं पाहिलेंच नव्हतें. आठांतील एक संगणक आणि दोनांतील ब तुकडी, यांत आम्हांस तरी फरक दिसत नाहीं.

तेव्हां, मुलांनो, वहींतील चूक सांपडली कीं ती आणखी कोठें कोठें उतरली आहे, हें प्रथम विचारावयास शिका. मित्रास टिपण दिलें असेल व मागाहून तें चुकीचें ठरलें, तर त्याला जाऊन सांगा. मूळ सुधारलें म्हणजे काम अर्धें झालें. त्या मुळावरून जें जें निघालें आहे त्या प्रत्येकापर्यंत सुधारणा पोहोंचली, आणि दुसऱ्या डोळ्यानें ती पाहिली, म्हणजे तें पुरें झालें. आम्ही आतां दोन्ही तुकड्यांच्या पत्रिका समोरासमोर ठेवून दुसऱ्या शिक्षकाकडून वाचवून घेतों.

आणि त्या मुलास आम्हीं पुनः वर्गापुढें उभें करून आईचें काम समजावून सांगावयास सांगितलें. त्यानें फळ्यावर दोन गाड्या काढल्या, एक उंच व एक ठेंगणी, आणि दोन्हींना नवा ब्रेक लावला. या वेळीं कोणी हंसलें नाहीं.