हवेची सांगड
(सामान्य विज्ञान, इयत्ता सातवी : शिक्षकांसाठी पाठटिप्पण व विषयविवेचन)

उद्देश : पाण्यावर वस्तू तरंगण्याचे तत्त्व, हवेचे प्रसरण व आकुंचन, आणि क्रिया-प्रतिक्रियेचा नियम हे तीन विषय विद्यार्थ्यांस बहुधा निरनिराळ्या प्रकरणांतून शिकविले जातात. एकट्या मासेमाराला पाण्यावर धरून ठेवणाऱ्या हवेच्या साधनात मात्र हे तिन्ही विषय एकत्र आढळतात. ते या एकाच उदाहरणाने स्पष्ट करावेत, आणि धरणाच्या वा तलावाच्या काठी राहणाऱ्या मुलांच्या मनावर पाण्याविषयीची सावधगिरी ठसवावी, असा या पाठाचा दुहेरी हेतू आहे.

साहित्य : सायकलची जुनी ट्यूब, हवा भरण्याचा पंप, झाकणाच्या तीन रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, दोरी, लहान दगड, एक फुगा व पाण्याने भरलेला टब.

प्रस्तावना : खेड्यात पोहणे शिकताना पाठीला काय बांधतात, असा प्रश्न विचारून पाठास प्रारंभ करावा. सुका भोपळा, पत्र्याचा बंद डबा, पांगाऱ्याचा बिंडा अशी उत्तरे मिळतील. या सर्व वस्तू हलक्या का, असे विचारल्यास त्यांच्या पोटात हवा आहे हे मुले स्वतःच सांगतील. दोन भोपळे वा दोन ओंडके जोडून केलेल्या तराफ्यास ‘सांगड’ म्हणतात, आणि ‘सांगड घालणे’ हा नित्याचा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला आहे, हेही येथे सांगावे.

विषयनिरूपण

१. साधनाची रचना : हवेच्या आधाराने पाणी ओलांडण्याची युक्ती फार प्राचीन आहे. इ. स. पूर्व नवव्या शतकातील असीरियन शिल्पांत फुगविलेल्या कातड्याच्या पखालीवर पोट टेकून नदी पार करणारे लोक कोरलेले आहेत. पुढे रबर टिकाऊ करण्याची कृती साधली आणि १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. मोटारी आल्या, तशा त्यांच्या चाकांतील ट्यूबाही सर्वत्र मिळू लागल्या. अमेरिकेत सरोवरांवर गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांनी मालमोटारीच्या ट्यूबेवर कापडी खोळ चढविली, मध्ये बसण्याची पट्टी शिवली, आणि ‘फ्लोट ट्यूब’ तयार केली. महाराष्ट्रातील जलाशयांतही ट्यूबेवर बसून जाळे लावणारे मासेमार दिसतात. तेथे ही हौस नसून पोटाचा उद्योग आहे.

पहिल्या फ्लोट ट्यूबा पूर्ण वर्तुळाकार होत्या. त्यांत शिरणे व संकटसमयी त्यांतून बाहेर पडणे अवघड असे. म्हणून पुढे समोरून उघडा, घोड्याच्या नालासारखा आकार प्रचारात आला. ‘पाँटून’ हे याच कुळातील मोठे भावंड होय. त्यात दोन लांबट नळ्या समांतर ठेवून धातूच्या चौकटीने जोडतात आणि वर आसन बसवितात. ही खरोखर आपली सांगडच आहे. भोपळ्यांच्या जागी हवेच्या नळ्या आल्या, इतकेच.

ट्यूब किती भार पेलते, याचे गणित फळ्यावर सोडवून दाखवावे. नळीची जाडी २४ सें. मी. व तिच्या मध्यरेषेचा परीघ २४० सें. मी. धरल्यास घनफळ सुमारे १०८ लिटर येते. ट्यूब पूर्ण बुडाल्यास तेवढे, म्हणजे सुमारे १०८ किलोग्रॅम पाणी बाजूस सरेल. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार, ट्यूबेचे स्वतःचे वजन वजा करता, तेवढाच भार ती पेलू शकेल. मात्र हा हिशेब ट्यूब पूर्ण भरलेली असतानाचा आहे. हवा कमी झाली की घनफळ घटते आणि आधारही घटतो.

२. घडी व वाहतूक : या साधनाचा मोठा गुण असा की, हवा काढली म्हणजे ते पाठीवरच्या पिशवीत मावते. ज्या डोंगरी सरोवरापर्यंत गाडीरस्ता नाही, तेथेही मासेमार ते चालत नेऊ शकतो. पाँटूनची चौकट सुटी करून नेता येते. तथापि ती जड असल्यामुळे बहुधा गाडीनेच न्यावी लागते.

घडी घालण्यापूर्वी साधन स्वच्छ धुऊन सावलीत पूर्ण वाळवावे लागते. ओलसर घडीत बुरशी धरते. आत राहिलेली वाळू कापडास व रबरास घासून झिजविते. घडी व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाकडून गुंडाळीत आणावी, म्हणजे उरलेली हवा व्हॉल्व्हवाटे बाहेर पडते. घडी नेहमी एकाच रेषेवर घातल्यास तेथे चीर पडण्याचा संभव असतो. पंप व ठिगळाचे सामान पिशवीत सर्वांत वर ठेवावे, कारण मुक्कामी पोहोचल्यावर प्रथम त्यांचीच गरज लागते. धुण्यास आणखीही एक कारण आहे. जलपर्णीसारखी वनस्पती लहानशा अंशापासूनही फोफावते. एका तळ्यातील चिखल व शेवाळ दुसऱ्या तळ्यात नेणे म्हणजे तेथे नवे संकट पेरणे होय.

हवा भरलेले साधन गाडीच्या टपावर बांधून नेताना निराळी काळजी घ्यावी लागते. उन्हाने आतील हवा प्रसरण पावते आणि ताठ भरलेली ट्यूब फाटू शकते. उंच प्रदेशातही असेच घडते. ३,००० मीटर उंचीवर बाहेरील हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे सात-दशांशच असतो. त्यामुळे पायथ्याशी ताठ भरलेली ट्यूब माथ्यावर अधिकच ताणली जाते. याच्या उलट, उन्हात ४० अंश सेल्सियसपर्यंत तापलेली ट्यूब २० अंशांच्या पाण्यात उतरविल्यास आतील हवेचा एकूण दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. हा फरक वरकरणी थोडा वाटतो. पण ट्यूबेतील दाब मुळातच बाहेरच्या दाबाहून किंचितच अधिक असतो. म्हणून काठावर ताठ असलेली ट्यूब पाण्यात शिथिल होते. अनुभवी मासेमार ट्यूब काही वेळ पाण्यात ठेवून, पुन्हा तपासून, मगच तिच्यावर बसतो.

३. गती : फ्लोट ट्यूबेत मासेमाराचे पाय पाण्यात असतात व पायांत रबरी फ्लिपर असतात. तो पायांनी पाणी पुढे लोटतो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः मागे सरकतो. न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या तिसऱ्या नियमाचे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. हात मोकळे राहतात, हा यातील लाभ होय. फ्लिपर घालून पुढे चालल्यास पाय अडखळतात, म्हणून पाण्यात शिरताना उलट पावली जावे लागते.

ही गती मंद असते, ही गोष्ट विसरता कामा नये. जोराच्या वाऱ्यापुढे पायांचे बळ अपुरे पडते. यास्तव शहाणा मासेमार आरंभी वाऱ्याच्या दिशेस तोंड देणाऱ्या बाजूस जातो. परतताना तो थकलेला असतो व वारा त्यास साहाय्य करतो. वाहत्या नदीत फ्लोट ट्यूब नेणे धोक्याचे आहे, कारण लोंबते पाय बुडालेल्या झाडोऱ्यात अडकू शकतात. नदीसाठी पाँटून अधिक योग्य होय. त्यावर पाय पाण्याबाहेर टेकता येतात आणि वल्ही वापरता येतात. प्रवाहात खडक दिसल्यास वल्हवणारा त्याच्याकडे तोंड करून वल्ही मागे ओढतो. अशाने संकट डोळ्यांसमोर राहते आणि नाव त्यापासून दूर सरते.

प्रयोग : (अ) फुगा फुगवून तोंड न बांधता सोडावा, हवा एका दिशेस व फुगा विरुद्ध दिशेस जातो. (आ) एक बाटली झाकण घट्ट लावून उन्हात ठेवावी व नंतर थंड पाण्यात बुडवावी. तिच्या बाजू आत दबतात. (इ) एका बंद बाटलीस ती पेलेल एवढा लहान दगड बांधून ती टबात सोडावी. मग झाकण काढून तीत पाणी भरावे. दगडासह ती बुडेल. आता दोन बाटल्यांची सांगड बांधून तोच दगड लावावा व एकीतच पाणी भरावे. सांगड कलते, परंतु बुडत नाही. (ई) सायकलच्या ट्यूबेत हवा भरून ती पाण्यात दाबावी. बुडबुडे दिसतील तेथे छिद्र आहे.

संकलन : तिसऱ्या प्रयोगातून या पाठाचे सार निघते. साध्या ट्यूबेत हवेचा कप्पा एकच असतो. तो फुटला की आधार संपला. म्हणून चांगल्या साधनांत दोन वा अधिक स्वतंत्र कप्पे असतात, आणि तरीही मासेमाराने जीवरक्षक जाकीट घालणे आवश्यक असते. ट्यूब हे बसण्याचे साधन आहे, जीव वाचविण्याचे नव्हे. पाण्यावरील सुरक्षितता पाण्यावर ठरत नाही. ती काठावर, घडी उलगडताना, हवा भरताना व ठिगळ तपासताना ठरते.

धरणकाठच्या शाळांत हा भाग विशेष आग्रहाने सांगावा. वडीलधारी मंडळी ट्यूबेवरून जाळी लावतात, हे मुले रोज पाहतात व त्यांचे अनुकरण करू पाहतात. सर्व प्रयोग शाळेच्या आवारात, टबातील पाण्यावरच करावेत. विद्यार्थ्यांस जलाशयावर नेऊ नये. ट्यूबेवर बसलेल्या मुलास पोहता येत नसेल, तर वाऱ्याची एक झुळूकही त्यास काठापासून दूर नेण्यास पुरेशी असते, हे त्यांस स्पष्टपणे सांगावे.

स्वाध्याय
१. सकाळी ताठ भरलेली ट्यूब दुपारच्या उन्हात का फाटते?
२. फ्लिपरने पाणी पुढे लोटणारा मासेमार मागे का जातो?
३. नळीची जाडी निम्मी केल्यास, परीघ तोच असता, ट्यूब किती भार पेलेल?
४. ‘सांगड घालणे’ या वाक्प्रचाराचा उपयोग करून दोन वाक्ये लिहा.
५. घरी कोणी ट्यूबेवरून मासेमारी करीत असल्यास, पाण्यात उतरण्यापूर्वी ते काय तपासतात, हे विचारून पाच ओळी लिहा.