बावीस गळे, दोन माइक

रविवारी रात्री टोकियोच्या निशी-कासाईत मामाकडे जेवायला आलेली भाची वरणभात पुढ्यात ठेवून फोनमध्येच डोकं घालून बसली होती. नोकरीला लागून आठ महिने झाले नाहीत तोच ऑफिसच्या बोनेन्काईची, म्हणजे वर्षअखेरच्या मेजवानीची, व्यवस्था तिच्या गळ्यात पडली होती. जपानी कंपन्यांत हे काम बरेचदा नव्या माणसाकडेच येतं. जेवणाचं ठरलं होतं. त्यानंतरची दुसरी बैठक, तिला तिथे निजिकाई म्हणतात, कराओकेत व्हायची होती आणि माणसं होती २२.

“मामा, पंचवीस जणांची खोली मिळतेय. दोन तास. घेऊन टाकू?”

“खुर्च्या मोजल्यास, आता गाणी मोज,” मामा म्हणाला. या शहरात त्याची वीस वर्षं गेलेली. “एक गाणं चार मिनिटांचं धर. त्यात गाणं शोधायचा वेळ, टाळ्या, माइक हातोहात पोचायला लागणारा वेळ. १२० मिनिटांत किती बसतील?”

तिने मनाशी हिशेब केला. “पंचवीसेक.”

“म्हणजे माणशी एक. तुझा नंबर लागला की चार मिनिटं गायचं आणि उरलेला वेळ बसून राहायचं. दोघातिघांनी लागोपाठ तीन-तीन लावली, तर शेवटच्या काहींना माइक दिसतच नाही.”

भाचीला हे पटलं, पण कोडं वाढलं. खोली मोठी असते ती मोठ्या घोळक्यासाठीच ना?

मामाने ताट बाजूला सारलं आणि गोष्ट मुळापासून सांगितली. कराओके या शब्दातला ‘कारा’ म्हणजे रिकामा, आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं छोटं रूप. कोबे शहरातल्या बारमध्ये साथ करणाऱ्या दाइसुके इनोउए यांच्या एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचं होतं. इनोउएंना जाता येईना, म्हणून त्यांनी साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच १९७१ मध्ये त्यांचं नाणं टाकून चालणारं यंत्र आलं. त्याचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. टोकियोत शिगेइची नेगिशी यांनी तसं यंत्र १९६७ मध्येच केलं होतं.

“पण ही यंत्रं बारमध्ये, अनोळखी लोकांसमोर. आपल्यापुरती खोली आली ती ऐंशीच्या दशकात. ओकायामा भागात कुणीतरी मालवाहू कंटेनरलाच गाण्याची खोली केलं. दार लावलं की आतले चारच कान ऐकणार, म्हणून लाजणारे लोकही गायला लागले. आजही बहुतेक खोल्या लहानच असतात. मोठी पार्टी रूम एका शाखेत एखाददुसरी, आणि डिसेंबरच्या शुक्रवारी तिच्यावर सगळ्या गावाचा डोळा.”

“मग दोन खोल्या घेऊ? दुप्पट पैसे जातील.”

“नाही जाणार. इथे भाडं बहुधा खोलीचं नसतं, माणशी असतं, अर्ध्या तासाच्या दराने. २२ जण एका खोलीत बसा नाहीतर दोन खोल्यांत, आकडा जवळपास तोच. मात्र अर्धे इकडे अर्धे तिकडे करू नकोस. साहेब ज्या खोलीत, तिकडे सगळे खेचले जातात. एक मोठी घे आणि तिला लागून एक लहान. ज्यांना खरंच गायचंय ते आळीपाळीने लहान खोलीत जातील.”

मामाचा हा तोडगा साधा आहे, पण घोळक्याच्या कराओकेतली खरी अडचण तो नेमकी पकडतो. मोठ्या खोलीत गप्पा आणि एकत्र म्हणायची गाणी. गाण्याची हौस शेजारी. मोठ्या खोलीत आणखी एक रीत उपयोगी पडते. पहिलं कडवं झालं की गाणारा स्वतःच बटण दाबून गाणं थांबवतो. तेवढ्यात पुढचे दोघं गाऊन होतात.

“फोनवर काय विचारू?”

“नोमिहोदाई, म्हणजे हवं तेवढं पिण्याची ठरावीक रक्कम, घेतली तर ती सगळ्यांना लागू होते का. न पिणाऱ्यांचेही पैसे धरतात बरेचदा. माणसं कमी झाली तर कधीपर्यंत कळवायचं. वेळ वाढवून मिळेल का. संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो आणि वेळ वाढवायचा का विचारतात. पण त्या दिवसांत मागची गिऱ्हाइकं दारात उभी असतात. आणि शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमाराला जातात, हे ध्यानात ठेव. चुकली तर टॅक्सी.”

मामी आतून म्हणाली, “आणि पट्टीचं सांग तिला.”

पडद्यापाशी टॅब्लेटसारखा रिमोट असतो. त्यावर सूर खाली-वर करायची बटणं असतात. एका दाबाला अर्धा स्वर, पेटीवरची शेजारची पट्टी. काळी दोनची सवय असलेल्याला कुणाच्या काळी पाचमध्ये ओढून ताणून गावं लागत नाही. भाची घरी आईच्या पेटीशेजारी बसून मोठी झालेली. हे तिला चटकन कळलं. तिने पहिल्यांदा फोन उलटा ठेवला आणि भात कालवला.

जेवण झाल्यावर तिने पार्टी रूमच्या शाखेला फोन लावला. जपानी वाक्य दोनदा अडखळलं, तिसऱ्यांदा सरळ आलं: मोठी एक, लहान एक, आणि दोन्ही एकाच मजल्यावर, शेजारी-शेजारी.