व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर घेताना

व्हीएचएस कॅसेटवरचे चित्रण घरच्या संगणकाने डीव्हीडीवर घ्यायचे तर चार गोष्टी लागतात: टेप नीट चालवणारा व्हीसीआर, त्यातून येणारा ॲनालॉग सिग्नल डिजिटल करणारे कॅप्चर उपकरण, भरपूर रिकामी जागा असलेला संगणक आणि डीव्हीडी रायटर. यातल्या शेवटच्या तीन आजही नव्या विकत मिळतात, व्हीसीआर मिळत नाही. जेव्हीसीने १९७६ मध्ये बाजारात आणलेल्या या पद्धतीचे व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी, जपानचीच फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे सगळी भिस्त जुन्या यंत्रावर आणि त्याहून जुन्या टेपवर असते. लोक सॉफ्टवेअरची चौकशी आधी करतात. काम मात्र बहुधा संगणकापर्यंत पोचण्याआधीच बिघडलेले असते.

नवी मुंबईतल्या घरांत अशा कॅसेट विपुल आहेत. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, आणि लोकल वाशीपर्यंत आली १९९२ मध्ये. वाशी, नेरूळ, बेलापूरची घरे भरत होती त्याच काळात लग्न, मुंज, बारसे, वास्तुशांत यांचे व्हिडिओ शूटिंग करण्याची पद्धत मध्यमवर्गात रुळली. हौसेने पाहून झालेल्या कॅसेट पुढे माळ्यावर गेल्या. खाडीकाठची दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि स्लॅबखालची उष्णता यांतून त्या दरवर्षी जात राहिल्या. टेपवरची चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा लेप ओल शोषतो, चिकट होतो आणि त्यावर बुरशी धरते.

म्हणून पहिले काम कॅसेट यंत्रात घालण्याचे नव्हे, ती उजेडात धरून पाहण्याचे. वरच्या पारदर्शक खिडकीतून रिळाची कड दिसते. ती एकसारखी काळी व चकचकीत असेल तर ठीक; पांढरे ठिपके, जाळी किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चालवली की बुरशी फिरत्या हेडवर बसते, चित्र बर्फासारखे पांढरे होते आणि त्यानंतर त्याच यंत्रात घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला तिचा प्रसाद मिळतो. एका कॅसेटपायी सगळा संग्रह खराब होण्याची ही हमखास वाट आहे. संशयित कॅसेट वेगळ्या डब्यात काढाव्यात, सर्वांत शेवटी हाताळाव्यात आणि बुरशी जास्त असेल तर व्यावसायिकाकडेच द्याव्यात. घरी साफसफाई करायचीच झाली तर मास्क लावून, मोकळ्या हवेत, बाकीच्या कॅसेटपासून दूर. कॅसेट उन्हात वाळवणे, हेअर ड्रायरने गरम करणे आणि डब्यात डांबरगोळ्या टाकणे हे तिन्ही घरगुती उपाय टाळावेत. डांबरगोळीच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते. या कामाला पावसाळा वाईट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने उत्तम.

कॅसेटच्या कण्यावरची लहान प्लॅस्टिकची पट्टी शाबूत असेल तर ती आधी मोडावी. ती असेपर्यंत चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तर लग्नावर टीव्हीची मालिका उमटू शकते, आणि ते परत मिळवण्याचा उपाय नाही. नंतर कॅसेट शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे फिरवावी, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जागी राहून असमान झालेला टेपचा ताण सारखा होतो.

व्हीसीआर मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा चोरबाजारात जुना मिळू शकतो. नातेवाइकांच्या माळ्यावर पडलेला पुष्कळदा त्याहून बरा निघतो. कोणताही आणला तरी त्यात प्रथम बिनमहत्त्वाची कॅसेट चालवून पाहावी. लग्नाची कॅसेट ही यंत्राची चाचणी घेण्याची वस्तू नव्हे. भारतीय पद्धतीत हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यावरची हेड इतकी नाजूक असतात की कापसाचा बोळा लावला तर तंतू अडकून ती तुटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला साधा पांढरा कागद किंवा शॅमॉय चामडे ड्रमला टेकवून ड्रम हाताने हळू फिरवावा. कागद वरखाली घासू नये.

अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटचा प्रश्न निराळा. भारतात पाल पद्धत: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रे. तिकडे एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला सुमारे ३० चित्रे. इथला साधा व्हीसीआर ती कॅसेट दाखवत नाही. काही व्हीसीआर दाखवतात, पण टीव्हीपुरती तडजोड करून, आणि तो मिश्र सिग्नल कॅप्चर उपकरणाला पचत नाही. चित्र काळेपांढरे येते किंवा वरखाली सरकत राहते. मल्टिसिस्टीम व्हीसीआरवर एनटीएससीचे ३.५८ आणि ४.४३ असे दोन पर्याय असतील तर ३.५८ निवडावा. अशा कॅसेटची डीव्हीडीही एनटीएससीच करावी. इथले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती वाजवतात. पालमध्ये रूपांतर करून हालचाल अडखळती करण्यात काही लाभ नाही.

आता संगणक. व्हीसीआरची पिवळी वायर चित्राची, पांढरी व लाल आवाजाची. चित्र आणि आवाज एकाच कॅप्चर उपकरणातून घ्यावेत. चित्र यूएसबीतून आणि आवाज साउंड कार्डातून घेतला तर दोघांची घड्याळे वेगळी पडतात. सुरुवातीला सगळे जुळलेले भासते आणि तासाभराने भटजींचे ओठ हलून गेल्यावर मंगलाष्टक ऐकू येते. म्हणून चाचणी पाच मिनिटांची घेऊन भागत नाही. पूर्ण तासाची घ्यावी आणि शेवटची मिनिटे तपासावीत. सॉफ्टवेअर गळालेल्या फ्रेमचा आकडा दाखवत असेल तर तो शून्याजवळ हवा. तो वाढत असेल तर विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरस, स्क्रीन सेव्हर बंद करावेत. तरीही वाढत राहिला तर दोष टेपच्या डळमळीत सिग्नलचा असतो. तो सावरायला टाइम बेस करेक्टर लागतो. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर, सिग्नल नुसता त्यांच्यातून नेला तरी, हे काम बऱ्यापैकी करतात.

थेट डीव्हीडीच्या एमपेग-२ स्वरूपात कॅप्चर करण्याचा मोह सहज होतो, आणि तिथेच पुढचे नुकसान ठरते. कॅसेट पुन्हा चालेलच याची खात्री नसते, तेव्हा पहिल्या धावेतच शक्य तितकी चांगली फाइल घ्यावी. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी लागतात. जागा असेल तर हफ्फीयूव्हीसारखा लॉसलेस कोडेक वापरावा. हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट३२ मध्ये फाइल ४ जीबीला अडते. यूपीएस हवाच; वीज मध्येच गेली तर एव्हीआय फाइल अर्धवट राहून उघडतही नाही. चित्राच्या तळाशी थरथरणाऱ्या काही रेषा दिसतील. तो दोष नाही: त्या व्हीएचएसमध्ये कायम असतात, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपत असत. त्यांवर काळी पट्टी टाकली की झाले.

कॅप्चर झालेल्या लग्नाच्या चित्रणातून हृदयाच्या आकारात फिरणारे वधूवर आणि मागे वाजणारी सिनेमाची गाणी काढून टाकावीत असे पुष्कळांना वाटते. काढू नयेत; त्या काळच्या शूटिंगवाल्याची ती कारागिरी आहे. मात्र हाच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला तर त्या गाण्यांवर हक्काचा दावा येऊ शकतो.

डीव्हीडीवर जागा ४.७ जीबी. दोन तासांच्या चित्रणाला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट मिळतात, ते पुरेसे असतात. तीन तासांची ई-१८० कॅसेट एकाच डिस्कमध्ये कोंबली तर चौकोन उमटतात, कारण टेपवरची खरखर आकुंचित करणे स्वच्छ चित्रापेक्षा अवघड जाते. दोन डिस्क कराव्यात, किंवा ३५२ बाय ५७६ हा डीव्हीडीला चालणारा लहान आकार घ्यावा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळातच बेताचा असल्याने त्यात फारसे काही हरवत नाही. चित्र ४:३ ठेवावे, रुंद पडदा भरण्यासाठी माणसे ताणू नयेत. डीव्हीडीसाठी इंटरलेस्ड चित्रण (प्रत्येक चित्र एकाआड एक रेषांच्या दोन फील्डमध्ये विभागलेले) तसेच ठेवावे, फक्त फील्डचा क्रम बरोबर हवा. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी असते, पुष्कळ कॅप्चर उपकरणांत वरचे. क्रम चुकला की चालणारी माणसे थरथरतात. मोबाइलसाठी वेगळी एमपी४ फाइल करताना मात्र डीइंटरलेस करावे.

डिस्क कमाल वेगाने बर्न करू नये, व्हेरिफायचा पर्याय सोडू नये आणि ती दुसऱ्या प्लेअरवर शेवटपर्यंत पाहावी. वर कागदी लेबल चिकटवू नये. डीव्हीडी-आरमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, आणि नव्या लॅपटॉपना डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. तेव्हा डीव्हीडी ही पाहण्याची प्रत समजावी. कॅप्चर केलेली मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवावी, त्यातली एक दुसऱ्या गावी, पुण्याच्या किंवा कोकणातल्या नातेवाइकांकडे. फाइलच्या नावात प्रसंग, वर्ष आणि जागा लिहावी. चित्रणातली माणसे ओळखणारे वडीलधारे घरात असतील तर त्यांच्यासोबत बसून नावांची यादी त्याच फोल्डरमध्ये घालावी.

मूळ कॅसेट लगेच भंगारात देऊ नये. पूर्ण मागे फिरवून, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह उभी ठेवावी. माळ्याऐवजी खोलीतल्या कपाटात, स्पीकरपासून दूर.