गर्भावस्था आणि घरातील रसायने

आपल्या शरीरातील काही ग्रंथी आपला स्राव थेट रक्तात सोडतात. या स्रावांतील कार्यकारी द्रव्यांना संप्रेरके अथवा हॉर्मोन असे म्हणतात. त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. परंतु त्यांची आज्ञा शरीरभर पाळली जाते. गर्भाची जननेंद्रिये व मेंदू यांची घडणही त्यांच्याच अनुरोधाने होते. पहिले सुमारे तीन महिने गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी कार्य करीत नाही. तोवर तो मातेच्या अवटू-संप्रेरकावर अवलंबून असतो. अशा वेळी बाहेरचे एखादे रसायन संप्रेरकाची बतावणी करू लागले, तर काय होईल?

याचे उत्तर एका दुःखद अनुभवाने मिळाले. लंडनमधील जीवरसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स हे स्त्री-संप्रेरकाप्रमाणे कार्य करणाऱ्या कृत्रिम द्रव्यांचा शोध घेत होते. १९३६ मध्ये त्यांना बिस्फेनॉल-ए या द्रव्यात तो गुण सौम्य प्रमाणात आढळला. १९३८ मध्ये त्याहून कितीतरी प्रभावी असे डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हाती आले. गर्भपात टळावा म्हणून हे औषध पुढे लक्षावधी गर्भवतींना देण्यात आले. १९७१ मध्ये बोस्टन येथील डॉक्टरांनी तरुण मुलींतील योनिमार्गाच्या एका अतिविरळ कर्करोगाची कारणे शोधली. आठ रुग्णांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी हेच औषध घेतले होते. बीज उदरात पडले. फळ मात्र पंधरा-वीस वर्षांनी दिसले.

बिस्फेनॉल-ए औषध म्हणून प्रचारात आले नाही. त्यापासून पॉलिकार्बोनेट हे काचेसारखे पारदर्शक, कठीण प्लास्टिक तयार होऊ लागले. अन्नाच्या डब्यांचे आतील अस्तर आणि दुकानांतील पावत्यांचा कागद यांतही ते शिरले. बेंगळुरूत अनेक घरी पिण्याचे पाणी वीस लिटरच्या जारमधून येते. त्यांतील काही जार पॉलिकार्बोनेटचे असतात. प्लास्टिक तापले की हे द्रव्य अधिक झिरपते. मऊ प्लास्टिक व सुगंधी प्रसाधने यांतील काही थॅलेट द्रव्ये पुरुष-संप्रेरकाच्या कार्यात अडथळा आणतात, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

येथे तारतम्य राखले पाहिजे. औषधाची मात्रा मोठी होती. पाण्यातून येणारा अंश सूक्ष्म असतो आणि मानवी गर्भावरील त्याच्या परिणामांविषयी संशोधकांत अद्याप एकमत नाही. तथापि, अनेक देशांनी सावधगिरीचा मार्ग पत्करला आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत बिस्फेनॉल-ए वापरण्यास मनाई केली. परंतु बाटली जन्मानंतर येते. गर्भाचे पोषण मातेच्या ताटातून होते.

म्हणून गर्भवतीसाठी कढत सांबार वा कॉफी प्लास्टिकमधून न आणता स्टीलच्या डब्यातून आणावी, पाण्याचा जार उन्हात ठेवू नये आणि सुगंधी प्रसाधने बेताने वापरावीत. ‘बिस्फेनॉल-ए विरहित’ एवढ्या शब्दांनी निश्चिंत होऊ नये. त्याच्या जागी योजिले जाणारे बिस्फेनॉल-एस पुष्कळसे त्याच गुणाचे आहे. भयभीत होण्याचे मात्र कारण नाही. ही काळजी एकट्या मातेवर सोपवून भागणार नाही. वस्तूत काय आहे हे स्पष्ट छापणे उत्पादकाचे आणि ते तपासणे शासनाचे कर्तव्य होय.