पायीं प्रवास आणि त्याचें लेखन

दूरची वाट पायीं चालून तिचें वर्णन कसें लिहावें, हें शिकावयाचें झाल्यास आम्ही एका जुन्या ग्रंथाकडे बोट दाखवूं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचें कर्ज फिटावें म्हणून, दक्षिणेच्या आशेनें, इ. स. १८५७ मध्यें उत्तरेकडे निघाले. वाटेंत बंड पेटलें. १८५८ मध्यें झांशीला वेढा पडला, तेव्हां ते त्या शहरांतच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ मध्यें चिंतामण विनायक वैद्य यांनीं प्रसिद्ध केला.

भटजी लढवय्ये नव्हते. म्हणूनच तोफांबरोबर भूक, भीति आणि स्वतःची झालेली लूटही त्यांनीं मांडली. समुद्रावरील युद्धाची कादंबरी लिहिणारासही हाच धडा उपयोगी आहे. नुसत्या तोफांच्या आवाजानें वाचक जहाजावर चढत नाहीं. खलाशाची तहान कळली म्हणजे चढतो.

मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भटजींनीं हें सारें सुमारें पंचवीस वर्षांनीं आठवून लिहिलें. त्यामुळें त्यांतील तपशील इतिहासकारांस इतर कागदांशीं ताडून पाहावे लागतात.

आषाढी वारीला तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगांव केतकी या वाटेनें इंदापुरास येते. घरच्या वडील मंडळींसह तिच्याबरोबर एक दिवस चाला. रात्रीं निजण्यापूर्वीं लिहून काढा: पाणी कोठें मिळालें, भाकर कोणीं दिली, पाय केव्हां थकले. आज लिहिलें नाहीं, तें उद्यां आठवेलच असें नाहीं.